आकडा

कुर्ल्याला अब्बांचे मोटारींचे मीटर दुरुस्त करण्याचे दुकान होते. दुकान कसले, एक टेबल, एक बल्ब आणि घड्याळजीचे भिंग. शाळेच्या सुट्टीत मीटरच्या काचा पुसणे हे माझे काम. पुढे मी शिक्षक झालो आणि ते सगळे मागे पडले.

मागच्या वर्षी थोरल्याकडे इंग्लंडला गेलो. त्याने १९६५ सालची एमजीबी घेतली होती. ऍबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. डॅशबोर्डला रंग द्यायचा तर मीटर काढणे भाग होते. तो म्हणाला, "अब्बा, तुम्ही दादांच्या हाताखाली शिकलात ना? मग बसा माझ्याबरोबर."

आधी सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सोडवल्या. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली. स्पीडोमीटरचे नट मागच्या बाजूला. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनीच चाचपावे लागते. गिअरबॉक्सकडून येणारी केबलही तशीच सोडवली. खरी भीती शेजारच्या लहान मीटरची. त्याच्या अर्ध्या भागात तेलाचा दाब, अर्ध्यात पाण्याची उष्णता. तेल बारीक नळीतून थेट मीटरपर्यंत येते. उष्णतेची नळी त्याहून नाजूक. तिच्यात ईथर असते आणि दुसरे टोक इंजिनात बसवलेले. नळी तुटली की मीटर निकामी. म्हणून रेडिएटरमधले थोडे पाणी काढून ते टोक आधी सोडवले. नट फिरवताना नळी फिरू द्यायची नाही, हे हातांना अजून आठवत होते.

स्पीडोमीटर टेबलावर आला. आकडा होता ९१,४३८ मैल. मुलगा हसून म्हणाला, "सगळे नवे केलेय, हाही शून्यावर आणू या. उद्या विकताना बरे दिसेल."

मी हातातले फडके खाली ठेवले.

१९७८ साली आपाचे लग्न तोंडावर असताना एका दलालाने अब्बांना दोनशे रुपये देऊन एका गाडीचा आकडा मागे फिरवून घेतला. महिन्याभराने गाडी विकत घेणारा गृहस्थ मीटर अडकला म्हणून नेमका आमच्याच दुकानात आला. "गाडी फारशी चाललेली नाही, तरी इंजिन बसले," असे तो सांगत होता. अब्बांनी मीटर दुरुस्त करून दिला, पैसे घेतले नाहीत. खरे सांगण्याची हिंमत मात्र त्यांना झाली नाही. शेवटच्या आजारात त्यांनी हे मला सांगितले. तोपर्यंत त्या माणसाचा पत्ता कुणापाशी राहिला नव्हता.

मुलाला हे मी पहिल्यांदाच सांगत होतो. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने स्पीडोमीटरची काच पुसली आणि आकड्याला हात न लावता मीटर बसवला. तेलाच्या नळीच्या जोडात चामड्याचे नवे वॉशर घातले, अर्थिंगची वायर आठवणीने नटाखाली घेतली. इंजिन सुरू होताच तेलाचा काटा वर चढला. जोडातून एक थेंबही गळला नाही.

"पाचच घरे आहेत, अब्बा," गाडी बाहेर काढताना तो म्हणाला. "९९,९९९ नंतर शून्य आपोआप येईल."

"येऊ दे," मी म्हणालो. "पण चालून येऊ दे."