किंग हेन्री रस्त्यावरचे घर

लंडनला जायचा योग आला तर राजवाडा आणि टेम्स नदीवरचे पूल तुम्हांला कुणीही दाखवील. तुम्ही एक सकाळ मात्र राखून ठेवा आणि भुयारी रेल्वेने चॉक फार्मला उतरा. गडद लाल, चकचकीत टाइल्सचे हे स्टेशन १९०७ सालचे. बाहेर पडून रुळांवरचा पूल ओलांडला, की पाच-सात मिनिटांत किंग हेन्री रस्त्यावरचे दहा नंबरचे घर येते. शेजारच्या घरांसारखेच आहे, पटकन ओळखूही येत नाही. भिंतीवरची निळी गोल पाटी शोधायची. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर इथे १९२१-२२ मध्ये राहत होते.

गेल्या सप्टेंबरात मी भाचीला घेऊन तिथे गेले. ती एक वर्षाच्या शिक्षणासाठी आलेली, आणि पहिल्याच आठवड्यात चेहरा एवढासा! कपभर चहा घ्यायचा तरी मनात पौंडांचे रुपये करायची. "मावशी, बाबांनी घर गहाण ठेवलंय गं. मी नापास झाले तर?" यावर काय बोलणार? मी म्हटले, चल, एक घर बघून येऊ.

बाबासाहेबांची लंडनची ही दुसरी खेप होती, हे तुम्हांला ठाऊक आहे का? १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथून १९१६ मध्ये लंडनला आले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली नि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुस्तके-सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, तर पाणतिरानं ती बोटच बुडवली. पहिले महायुद्ध चालू होते ना! विद्यापीठाने एक सवलत दिली होती : चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करा.

मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पगारातून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, पाच हजार रुपये नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्जाऊ घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा बोट धरली. वय एकोणतीस. परळच्या चाळीत रमाबाई मोजक्या पैशांत संसार ओढत होत्या. आज आपण फोनवर चेहरा बघून बोलतो. तेव्हा पत्र बोटीने पोचायला पंधरवड्याहून अधिक लागायचे. म्हणजे मूल तापाने फणफणल्याचे पत्र हाती पडेतो ते खेळायलाही लागलेले असायचे, किंवा... जाऊ दे.

त्या मुक्कामात पोटाचे हाल होते. दिवसभर ग्रंथालयात वाचन, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे, असे चरित्रकार सांगतात. भाडे वाचवायला पायीच फिरायचे. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डॉक्टरेट मिळाली, त्याआधी बॅरिस्टरही झाले.

महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ मध्ये विकत घेतले. आता तिथे स्मारक आहे. भाची आत बराच वेळ गप्प उभी होती. मला वाटले, रडणार आता. पण बाहेर आल्यावर म्हणाली, "कर्ज त्यांनी पण काढलं होतं?" आणि मग, "ब्रिटिश म्युझियम इथून किती लांब गं?"

चारेक किलोमीटर. पायीच निघालो. माझे गुडघे कुरकुरत होते, पण तिच्यापुढे कोण बोलणार! वाटेत एका बाकावर बसून डब्यातली पोळी-चटणी खाल्ली. म्युझियममधली ती जुनी पुस्तके आता दुसऱ्या इमारतीत गेली आहेत, पण गोल घुमटाची वाचनाची खोली जागच्या जागी आहे. तिच्या बाहेरूनच भाचीने घरी फोन लावला. तिकडून बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?"