खानवेलच्या वाटेवर सैल चाक

सिल्वासा हे गाव आपल्याकडच्या फार लोकांनी पाहिलेलं नसतं. नाव मात्र ऐकून असतात. २ ऑगस्ट १९५४ रोजी ते पोर्तुगीजांच्या हातून सुटलं आणि त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसं होती, एवढं आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतं. हा नगर हवेलीचा मुलूख १७८३ साली मराठ्यांनीच करारापोटी पोर्तुगीजांना दिला होता, हे मात्र सांगितलं की पुष्कळांचा विश्वास बसत नाही. १९६१ साली तो रीतसर भारतात आला आणि २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र. भाजीवाली गुजरातीत भाव सांगते, हिंदीत घासाघीस ऐकून घेते आणि आपण आपसात मराठी बोललो की मराठीत हसते. इथल्या खटल्यांचं अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात जातं. आमच्या सासूबाई दोन दिवस बाजारात हिंडल्या आणि म्हणाल्या, "हे आपल्यासारखंच गाव की गं. इकडनं बघितलं तर तिकडचं, तिकडनं बघितलं तर इकडचं."

सासूबाई गोकाककडच्या. घरात त्यांची कन्नड, माझी मराठी. मुलं त्यांना अज्जी म्हणतात आणि माझ्या आईला आजी, त्यामुळे हाक मारली की कोण उठायचं यावरून कधी घोळ होत नाही. माझे दीर सिल्वाशाच्या एका कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात आहेत. त्यांच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. बेळगावहून पुणे, मुंबईवरून भिलाडपर्यंत महामार्ग आणि तिथून नरोलीमार्गे आत, असा साधारण साडेसहाशे किलोमीटरचा पल्ला. निघण्याआधी दोन दिवस आम्ही आमच्या सात माणसांच्या गाडीला मागचे दोन्ही टायर नवे बसवून घेतले होते. गाडी सुरेख आली. कुठे कुरकुर नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुधणीला निघालो. दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचं पाणी तिथपर्यंत पसरलेलं आहे, नावा असतात, मुलांना त्याचीच ओढ. सिल्वाशाहून खानवेल वीसेक किलोमीटर आणि पुढे तेवढाच डोंगरातला वळणावळणाचा रस्ता. खानवेलपर्यंतची वाट मात्र सरळ, दोन्ही बाजूंना सागाची झाडं, मधूनच कौलारू घरं आणि अंगणात सुकत घातलेलं भात. दपाडा मागे पडल्यावर गाडीच्या मागच्या अंगाने हळूच आवाज यायला लागला. टक, टक, टक.

हे म्हणाले, टायरच्या खाचेत खडा अडकला असेल. मलाही तसंच वाटलं, कारण खडा अडकला तरी चाकाच्या फेऱ्याबरोबर असाच ठेका येतो. पण सासूबाई मधल्या सीटवर डावीकडे बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं आणि एकदम म्हणाल्या, "गाली सड्ल आग्याद. गाडी निंद्रसो!"

ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी सांगते: चाक सैल झालंय, गाडी थांबव. त्यांच्या माहेरी उसाच्या बैलगाड्या होत्या. लाकडी चाकावरची लोखंडी धाव उन्हाळ्यात लाकूड आटलं की ढिली पडायची, मग चाकं ओढ्यात भिजत घालायची. धाव ढिली झाली तर एक आवाज, आसाची खीळ सरकली तर दुसरा. हे सगळं त्या लहानपणी कानांनी शिकलेल्या. खडा असेल तर आवाज कोरडा येतो, हा आवाज पोटातून येतोय, असं त्यांचं म्हणणं. यांनी वेग कमी केला तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. स्टिअरिंग अगदी शांत होतं, पण मागच्या सीटखाली बारीक थरथर जाणवत होती. पुढचं चाक बिघडलं तर ते बहुधा हातांना कळतं, मागचं बसणाऱ्याला. म्हणजे दुखणं मागे, डावीकडे.

थोड्या अंतरावर पंक्चरचं एक दुकान दिसलं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, हवेची टाकी आणि जुन्या टायरांची उतरंड. पोरगेला मेकॅनिक आमच्याशी हिंदीत बोलू लागला. सासूबाई उतरल्या आणि बोट दाखवून ठणकावून म्हणाल्या, "गाली! गाली!" तो बिचारा दचकलाच. आल्या आल्या ही म्हातारी शिव्या का देतेय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आमच्या धाकट्याने हसत हसत समजावलं, की आमच्याकडे कन्नडमध्ये गाली म्हणजे चाक. मग तोही हसला आणि मराठीत आला. घरात वारली बोलतो म्हणाला. "गुजरातीत पैडुं," अशी त्याने भर घातली. चार भाषांत एकच चाक सैल होतं.

यानंतर त्याने जे केलं ते मला फार आवडलं. सरळ पाना घेऊन नट पिळले नाहीत. आधी पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी गिअरमध्ये ठेवायला सांगितली, सगळ्यांना खाली उतरवलं. मग छोटी हातोडी घेऊन डाव्या मागच्या चाकाचे पाचही नट एकेक करून वाजवले. तीन नट ठणठणीत बोलले. दोन बद्द वाजले. मडकं घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, नेमकं तसंच. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण बोलल्या काही नाहीत. ते दोन नट त्याने नुसत्या बोटांनी फिरवून दाखवले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पुढे घाट होता आणि गाडीत तीन मुलं.

तेवढ्यावरही तो थांबला नाही. जॅकवर चाक उचललं, वर आणि खाली धरून हलवलं. चाक लुडबुडत होतं. पण चाक हलतं ते नट ढिले म्हणून की आतलं बेअरिंग गेलं म्हणून, हे नुसत्या हलवण्याने कळत नाही. म्हणून त्याने पाचही नट तात्पुरते आवळले आणि पुन्हा तसंच हलवलं. या वेळी चाक जागचं हललं नाही. हाताने गरगर फिरवलं, खरखर नाही. बेअरिंग चांगलं होतं. नट आवळूनही चाक हललं असतं, तर दुखणं बेअरिंगचं आणि खर्च मोठा. बेअरिंग जातं तेव्हा बहुधा टकटक न येता घूं असा आवाज येतो आणि वेगाबरोबर वाढत जातो, हेही त्याने सांगितलं.

मग चाक पूर्ण काढलं. रिमची जी बाजू ड्रमला टेकते तिथे गंजाचे पापुद्रे आणि वाळलेला चिखल होता. टायर बदलताना तो कुणी खरवडलाच नव्हता. चाकाचं ओझं त्या पाच बोल्टांवर टांगलेलं असतं असं आपल्याला वाटतं, पण खरं काम असतं दाबाचं. नट रिमला ड्रमवर इतकं घट्ट दाबून धरतात की दोघांमध्ये सरकायला जागाच उरत नाही. मध्ये गंज असला तर तो साडेसहाशे किलोमीटरच्या हादऱ्यांनी चुरला जातो, केसभर फट पडते आणि दाब जातो. मग रिम प्रत्येक फेऱ्याला किंचित सरकून बोल्टवर आपटतं, तीच ती टकटक. असंच चालत राहिलं तर भोकं लांबट होतात, बोल्ट तुटतात आणि एखाद्या वळणावर चाक निघून पुढे धावतं.

आमच्या रिमची भोकं सुदैवाने गोल होती. एका बोल्टचे आटे मात्र झिजून चकचकीत झाले होते. "यावर नट बसेल, पण धरणार नाही," तो म्हणाला. तसंच आवळून दुधणी करून येऊ, असा एक विचार यांच्या मनात डोकावला होता. मी आणि सासूबाई, दोघी दोन भाषांत एकदमच नाही म्हणालो. दीर मोटरसायकलवर सिल्वाशाला जाऊन त्याच मापाचा बोल्ट आणि नट घेऊन आले. त्यात दीड तास गेला. मुलांनी तेवढ्यात शेजारच्या टपरीवरची भजी संपवली.

ड्रम काढून जुना बोल्ट ठोकून बाहेर काढला, नवा बसवला. तारेच्या ब्रशने रिमची आणि ड्रमची पाठ घासून काढली. आट्यांना तेल लावायला मात्र तो तयार नव्हता. तेलाने नट गरजेपेक्षा जास्त पिळला जातो आणि बोल्ट ताणतो, म्हणाला. नटांची निमुळती बाजू रिमकडे ठेवून त्याने ते आधी हाताने बसवले. मग चांदणी काढतात तसं, एक सोडून समोरचा, या क्रमाने आवळले. शेजारशेजारचे आवळत गेलं तर चाक वाकडं बसतं. शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर. पान्यावर उभं राहून नाचणं नाही, हवेची बंदूक नाही. लहान गाड्यांना साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. बाकीची तिन्ही चाकंही त्याने वाजवून पाहिली. शेवटी पिवळ्या रंगाचा डबा आणून प्रत्येक नटावरून रिमवर एकेक सरळ रेघ ओढली. नट सरकला तर रेघ तुटेल.

दुधणीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, तरी नावेत बसायला मिळालं. परतताना खानवेलला साकरतोडीच्या पुलाजवळ थांबून रेघा पाहिल्या. जागच्या जागी. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर सिल्वाशाच्या एका गॅरेजात टॉर्क पान्याने पुन्हा तपासलं तेव्हा एका नटाने किंचित पीळ घेतला, बाकीचे तसेच. आवळल्यावर ५० ते १०० किलोमीटरांत एकदा असं बघायचंच असतं.

परतीच्या प्रवासात रेघा बघायचं काम धाकट्याने आपल्याकडे घेतलं. मनोरला चहा, खाली उतरून रेघा. पुण्यात जेवण, पुन्हा रेघा. कोगनोळीला पोचेपर्यंत रात्र झाली होती, तर पठ्ठ्या मोबाइलचा उजेड घेऊन चाकाशी बसला.

"नेट्टग ऐती?" आतून अज्जीने विचारलं.

"ऐती, अज्जी."