जुनी गाडी, लांबचा रस्ता

आपण कधी जुनी वस्तू विकत घेतली असेल, तर एक अनुभव आपल्यालाही आला असेल. नव्या वस्तूचे गुण दुकानदार आपणहून सांगतो. जुन्या वस्तूचे दोष मात्र आपल्यालाच शोधावे लागतात.

2014 साली, निवृत्तीनंतर, मनाली ते लेह हा प्रवास स्वतःच्या गाडीने करण्याचे आम्ही उभयतांनी ठरवले. वीस वर्षे लांबणीवर पडलेला हा बेत होता. हाताशी तीन लाख रुपये होते; निवड चुकली असती तर पुन्हा संधी नव्हती.

चारही चाकांना इंजिनाचा जोर पुरवणाऱ्या दोन गाड्या समोर होत्या. पहिली कोकण किनाऱ्यावरची, डिझेलवर चालणारी, ऐसपैस. तिला टर्बो होता. उंचीवर हवा विरळ होते, आणि साध्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटरला सुमारे 10 टक्के घटते. टर्बो हवा दाबून आत देतो, म्हणून ही घट बरीचशी भरून निघते. दुसरी होती 2004 सालची मारुती जिप्सी: पेट्रोलवरची, 1298 सीसीची, टर्बो नसलेली, रंग उडालेली. कागदावर पाहता पहिलीच सरस होती.

माझ्या ओळखीचे मिस्त्री मात्र तिचा रंग पाहून हसले. "साहेब, वरून काय बघताय? खाली झोपा." मी झोपलो. त्यांनी चासीवर पेचकस दाबला आणि गंजाचे पापुद्रे माझ्या सदऱ्यावर पडले. किनाऱ्यावरची खारी हवा आतून आपले काम करून गेली होती. "इंजिन बदलता येतं," ते म्हणाले, "चासी गेली की गाडी गेली."

जिप्सीच्या चासीवर हातोडीचा आवाज खणखणीत आला. तिचा चारचाकी जोर त्यांनी नदीपात्रातल्या वाळूत तपासला. अशा गाडीची पुढची-मागची चाके वळणावर वेगवेगळे अंतर कापतात. कोरड्या डांबरावर तो जोर लावला तर यंत्रणेवर ताण येतो. पाटे मात्र कडक होते. "अहो, कंबर माझीही आहे," पत्नी म्हणाली. थोडा वेळ बसून पाहिल्यावर तिनेच निर्णय दिला: "दुखेल, पण पोचू."

तांदीच्या पंपावर पाटी होती: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. जिप्सीची टाकी 40 लिटरची. घाटात लिटरला सात किलोमीटर धरले तर 52 लिटर लागणार. म्हणून 20 लिटरचा कॅन भरून घेतला. पांगच्या अलीकडे मागचा एक पाटा तुटला. एका ट्रकचालकाने लाकडाचा ठोकळा लावून तो तारेने आवळला. त्याच अवस्थेत, पाच हजार मीटरहून उंच तांगलांग ला आम्ही पहिल्या गिअरमध्ये चढलो. मागून आलेल्या डिझेलच्या गाड्या सहज पुढे जात होत्या. त्या क्षणी मला निवडीचा पश्चात्ताप झाला, हे आपल्यापासून लपवत नाही. लेहमध्ये नवा पाटा बसला आणि त्याच गाडीने आम्ही घरी परतलो.

पत्नीची कंबर पुढे महिनाभर दुखत होती. तरीही आपल्यासमोर अशी निवड आली, तर एवढेच विचारा: यातले काय वाटेत दुरुस्त होईल आणि काय कधीच होणार नाही? उत्तरासाठी थोडे खाली झोपावे लागेल. सदरा मळेल, त्याला इलाज नाही.