मीटरचा कान

अर्धा मीटर अंतर, पंचेचाळीस अंशांचा कोन. गाडी उभी, इंजिन गरम, फेऱ्या कमाल आकड्याच्या पाऊणपट. इंग्लंडमधल्या रेसिंग ट्रॅकवर सकाळी सर्वांत आधी रांग लागते ती या परीक्षेची. तपासनीस मायक्रोफोनवर एक छोटा कॅलिब्रेटर चढवतो. त्यातून १००० हर्ट्झचा, ९४ डेसिबलचा एकसुरी आवाज निघतो. मीटरनं बरोबर ९४ दाखवले, की पहिल्या गाडीला खूण होते. ड्रायव्हरनं पाय इतका जपून दाबायचा, की टॅकोमीटरचा काटा ठरल्या आकड्यापाशी थरथरत उभा राहील. काही सेकंदांचा खेळ. मग तपासनीस आकडा लिहून घेतो आणि स्टिकर चिकटवतो, नाहीतर नुसती नकारार्थी मान हलवतो. मान हलली की दिवस बुडाला. ट्रॅकचे पैसे गेले, टायर कोरेच राहिले, गाडी पुन्हा ट्रेलरवर.

ती मान हलू नये, याचे मला पैसे मिळतात. मी मूळचा कोल्हापूरचा. हातात वेल्डिंगची टॉर्च पहिल्यांदा आली ती उद्यमनगरात. आता नॉर्थॅम्प्टनशरमधल्या एका लहान वर्कशॉपात जुन्या रेसिंग गाड्यांचे एक्झॉस्ट बनवतो. हा धंदा घरच्यांना समजावून सांगणं अवघड आहे. "आमच्याकडची पोरं बुलेटचा सायलेन्सर काढायला पैसं घालवत्यात, पोलीस त्येच्यावर रोलर फिरवत्यात, आणि तू तिकडं सायलेन्सर बसवून पैसं मिळवतोस व्हय?" असं मामांनी एकदा फोनवर विचारलं होतं. मामांचा प्रश्न रास्तच आहे.

गिऱ्हाईक येतं तेच मुळी कुरकुरत. साठ सालच्या गाडीला आजचे नियम कशाला, ही पहिली तक्रार; सायलेन्सर लावला की इंजिनाचा जीव जातो, ही दुसरी. पहिलीला मी ब्रुकलँड्सचं नाव सांगतो. सरे परगण्यात वेब्रिजजवळ १९०७ साली बांधलेला काँक्रीटचा तो ट्रॅक म्हणजे या देशातल्या मोटर रेसिंगचा पाळणा. उघडल्या उघडल्या सेल्विन एज यानं नेपियर गाडी सलग चोवीस तास पळवून विक्रम केला आणि आसपासच्या बंगल्यांमधली झोप उडाली. रात्री गाड्या पळवायच्या नाहीत असं ठरलं ते कायमचंच. पुढं १९२९ मध्ये चोवीस तासांची शर्यत भरवायची म्हटल्यावर तिचे बारा-बारा तासांचे दोन तुकडे करावे लागले. मधल्या रात्री गाड्या कुलपात. शर्यतीचं नावच पडलं 'डबल ट्वेल्व्ह'. त्याआधीच, विसाच्या दशकाच्या मध्यावर शेजारी कोर्टात गेले आणि ट्रॅकवर सायलेन्सर सक्तीचा झाला. तो फुगीर डबा आणि त्याच्या मागचं माशाच्या शेपटीसारखं चपटं तोंड आज युद्धपूर्व गाड्यांचे शौकीन हौसेनं शोधत फिरतात. शेजाऱ्यांनी गळ्यात बांधलेली घंटा आता दागिना झाली आहे. तेव्हा अस्सल रेसिंग गाडीला सायलेन्सर नसतो हे म्हणणं निदान शंभर वर्षं शिळं आहे.

दुसऱ्या तक्रारीला उत्तर द्यायचं तर एखादी गाडीच पाहायला हवी. लोटस कॉर्टिना घ्या. पांढरा रंग, कुशीवर हिरवा पट्टा. जिम क्लार्कनं १९६४ ची ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिंकली ती हिच्यावर. १५५८ सीसीचं ट्विन-कॅम इंजिन, शेजारी शेजारी दोन वेबर कार्ब्युरेटर. शर्यतीसाठी तयार केलेलं असं इंजिन मिनिटाला ७५०० फेऱ्यांपर्यंत सहज चढतं. चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, म्हणजे एका फेरीत दोन स्फोट. सेकंदाला अडीचशे. गाडीचा मूळ सूर हा, २५० हर्ट्झचा. पण त्याच्या पाठीवर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर बसलेले असतात, आणि सगळ्यांच्या वर उघड्या नळीतून सुटणाऱ्या वायूची फाटकी सळसळ. आपल्याला 'रेसिंग गाडीचा आवाज' म्हणून जो आवडतो तो बराचसा या वरच्या थरातला.

मीटरचा कान आणि आपला कान यांत फरक पडतो तो इथं. मीटरवर 'ए' नावाची चाळणी लावलेली असते. आवाज हळू असला की माणसाला खर्जातलं कमी ऐकू येतं, त्यावरून ती बेतली आहे. १००० हर्ट्झचा आवाज ती आहे तसा मोजते, २५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे साडेआठ डेसिबल वजा करते आणि १०० हर्ट्झच्या आवाजातून तर एकोणीस. म्हणजे घुमाऱ्याला मीटर मोठ्या मनानं माफ करतं आणि कर्कशपणाचा हिशोब पैन् पै लावतं.

नुसती परीक्षा पास व्हायची असेल तर काम सोपं आहे. भोकं पाडलेली नळी सरळ आरपार जाते, तिच्याभोवती ग्लासवूल, त्यावर पत्र्याचा डबा. वायूला अडथळा जवळजवळ नाही. वरच्या पट्टीतला आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथंच उष्णता होऊन जिरतो. असे डबे तयार मिळतात, पण मी स्वतः भरतो. आधी नळीभोवती स्टेनलेस स्टीलच्या लोकरीचा एक थर गुंडाळायचा, म्हणजे गरम वायू थेट काचेच्या धाग्यांना चाटत नाही. मग लांब धाग्यांचं ग्लासवूल, सगळीकडे सारख्या दाबानं. सैल भरलं तर दोन शर्यतींत धागे पिंजून मागच्या तोंडातून उडून जातात. ठासून भरलं तर आवाज आत शिरतच नाही, पृष्ठभागावरून परत फिरतो. दाब किती, हे वजनकाट्यावर ठरवता येतं आणि मी ठरवतोही, तरी शेवटची मूठ बोटांच्या अंदाजानंच जाते. डब्याचं मागचं झाकण मी वेल्ड करत नाही, रिव्हेट मारतो. लोकर कधी ना कधी जळणारच. झाकण उघडता आलं पाहिजे.

एवढ्यावर १०५ चे १०० होऊ शकतात. पाच डेसिबल ऐकायला फुटकळ वाटतात. प्रत्यक्षात ध्वनीची शक्ती जवळपास एक-तृतीयांशावर आलेली असते. कानाला मात्र आवाज थोडा उतरल्यासारखाच वाटतो, अर्धा वाटायला दहा डेसिबल लागतात. गिऱ्हाईक इथंच हात पुढं करून बिल मागतं.

मला मात्र काम अर्धवट वाटतं, आणि त्याचं कारण ट्रॅकच्या कुंपणापलीकडे आहे. हवेतून लांब जाताना वरच्या पट्टीतला आवाज लवकर विरतो, खर्ज टिकतो. थंड, स्थिर सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, तेव्हा आवाज वर निघून न जाता वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. मैलभरावरच्या गावात तो घुमारा भिंती ओलांडून स्वयंपाकघरात पोचतो. मीटरनं जे माफ केलं, नेमकं तेच शेजाऱ्याच्या वाट्याला येतं. आणि शेजारी आता ऐकून घेत नाहीत. उत्तर यॉर्कशरमधल्या क्रॉफ्ट ट्रॅकवर अपील कोर्टानं २००९ मध्ये गोंगाटाचे दिवस वर्षाला चाळीसवर आणले. "ट्रॅक आधीपासून होता, तुम्ही नंतर राहायला आलात" हा आमच्या मंडळींचा लाडका मुद्दा; सफोकमधल्या मिल्डनहॉलच्या स्टेडियमच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बचाव म्हणून धरला नाही. मला तो मुद्दा आधीही पटत नव्हता. लोक घरात राहतात, आपण रविवारी खेळायला येतो.

म्हणून लोकरीच्या डब्याआधी मी एक रिकामा डबा घालतो. त्यात काही भरायचं नसतं. अरुंद नळीतली लाट एकदम रुंद जागेत आली की तिचा काही भाग तोंडाशीच उलटा फिरतो, काही पलीकडच्या भिंतीवरून, आणि लांबी नीट जुळली तर या परतलेल्या लाटा पुढं जाणाऱ्या लाटेला खोडून काढतात. डब्याची लांबी तरंगाच्या पाव असावी लागते. इथं एक मेख आहे. साध्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. एक्झॉस्टच्या तापलेल्या वायूत तो साडेपाचशेच्या घरात जातो. त्यामुळं २५० हर्ट्झला हवेच्या हिशोबानं चौतीस सेंटीमीटरचा डबा पुरला असता, तिथं पंचावन्न लागतात. शिवाय उभ्या गाडीची परीक्षा ५६०० फेऱ्यांवर, म्हणजे १८७ हर्ट्झवर होते, आणि त्या सुराला तर पाऊण मीटरच्या आसपासचा डबा हवा. परीक्षेसाठी जुळवलेला डबा शर्यतीच्या कामाचा नाही. मी शर्यतीसाठी जुळवतो आणि परीक्षेचं लोकरीवर सोपवतो. दोन्ही डबे कॉर्टिनाच्या पोटाखाली, जमिनीला न घासता बसवणं ही वेगळी कसरत. तिच्यात आठवडा जातो आणि सांगण्यासारखं काही नसतं.

आणि इंजिनाचा जीव? शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्ये आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह काही क्षण एकदमच उघडे असतात. त्याच क्षणी नळीच्या उघड्या टोकावरून परतलेली कमी दाबाची लाट पोचली, तर ती जळका वायू ओढून काढते. नळ्यांची लांबी म्हणूनच इतकी काळजीनं ठरवलेली असते. भलत्या जागी डबा घातला तर ही लाट भलत्या वेळी पोचते आणि ताकद जाते. लोकांचा अनुभव खोटा नाही. पण रुंद डब्याचं तोंड लाटेच्या दृष्टीनं उघड्या टोकासारखंच वागतं. पूर्वी नळी जिथं संपत होती तिथं डब्याचं तोंड आणलं, की इंजिनाला फारसा फरक पडत नाही. रोलिंग रोडवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, एखाद-दुसरा हॉर्सपॉवर इकडे तिकडे होतो, मिश्रण तपासून वेबरचे मेन जेट बदलले की तोही बहुधा परत येतो.

काही जण परीक्षेपुरता नळीच्या तोंडात एक बूच खुपसतात आणि नंतर काढून टाकतात. काही जण पळत्या गाड्यांचा आवाज मोजणारं ट्रॅकच्या कडेचं मीटर कोणत्या अंगाला आहे ते पाहून नळीचं तोंड दुसऱ्या अंगाला वळवतात. बुचाबद्दल मला बोलायचंच नाही. तोंड वळवून थोडेफार डेसिबल वाचतात खरे, कारण वरच्या पट्टीतला आवाज एका दिशेला जास्त जातो. पण तो आवाज नाहीसा होत नाही. दुसऱ्या अंगाच्या गावाला जातो.

उभ्या गाडीची परीक्षा पास झालेली गाडी पळताना नापास होते, तेव्हा सगळे एक्झॉस्टकडे बोट दाखवतात. बहुतेकदा चोर पुढं असतो. उभ्या गाडीत थ्रॉटल जेमतेम उघडा असतो. पूर्ण उघडला, की कार्ब्युरेटरच्या चार उघड्या तुताऱ्या हवा खेचताना भुंकायला लागतात. मागून ९६ आणि पुढून ९६ असे आवाज आले तर बेरीज ९९ होते. मागचा आवाज पार शून्यावर आणला तरी ९६ राहतातच. अशा वेळी आणखी एक सायलेन्सर विकणं सोपं असतं. मी तुताऱ्यांवर फोम लावलेली हवापेटी बसवायला सांगतो. बोनेट उघडल्यावर त्या चकचकीत तुताऱ्या दिसणार नाहीत, म्हणून मालकांचा जीव वरखाली होतो. एक्झॉस्टच्या बिलापेक्षा या पेटीवरून जास्त वाद झाले आहेत.

गाडी शांत झाल्यावर पहिला फोन येतो तो कौतुकाचा नसतो. "गाडीतून नवाच आवाज यायला लागलाय" असा असतो. मी गाडी बोलावून घेतो, मालकाच्या शेजारी बसून एक चक्कर मारतो. टायमिंग चेनची खळखळ, गिअरबॉक्सची शीळ, मागच्या अ‍ॅक्सलची गुरगुर. हे सगळं कित्येक वर्षं तिथं होतंच, एक्झॉस्टखाली गाडलेलं. चेन आणि गिअरबॉक्स असेच वाजतात, त्यांना काही करायचं नाही, हे मी सांगून टाकतो. गुरगुरीबद्दल मात्र असं सांगत नाही. मागच्याच हंगामात एका कॉर्टिनाचं डिफरन्शियल उघडलं, तर पिनियनचं बेअरिंग इतकं खाल्लं गेलं होतं, की आणखी एक शर्यत निघाली नसती. मालकानं ते बेअरिंग कपाटावर ठेवलंय आणि आता तो हवापेटीचंही माप घ्यायला बोलावतोय.