नॅक्सॉसचं दार

पिरेयसहून सकाळची बोट धरली की पाच-सहा तासांनी नॅक्सॉस बेट दिसू लागतं. खरं म्हणजे नजरेत आधी भरतं ते एक दार! बंदराच्या तोंडाशी एका टेकाडावर संगमरवराची नुसती चौकट उभी आहे, सुमारे २० फूट उंच. भिंत नाही, छप्पर नाही, गाभारा नाही, गाभाऱ्यात देव नाही. इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास अपोलोचं देऊळ म्हणून बांधायला घेतलं, ते कधी पुरं झालंच नाही. पुढं त्याचे दगड लोकांनी दुसऱ्या बांधकामांसाठी नेले. दार तेवढं राहिलं.

गावात मात्र ही जागा ॲरिॲड्नीची म्हणून सांगतात. ही क्रीटच्या मायनॉस राजाची मुलगी. त्याच्या भूलभुलैयात बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर राही आणि अथेन्सहून धाडलेले सात मुलगे नि सात मुली त्याच्या तोंडी पडत. एका खेपेस अथेन्सचा राजपुत्र थीसियस स्वतःच त्यांच्यात आला. ॲरिॲड्नीनं त्याच्या हाती दोऱ्याचा गुंडा दिला. राक्षसाला मारून, दोऱ्याचा माग काढीत तो बाहेर आला आणि तिला घेऊन निघाला. वाटेत नॅक्सॉसला मुक्काम पडला. ती गाढ झोपलेली असताना हा वीरपुरुष तिला तशीच टाकून चालता झाला.

आता ही जुनी कथा मी इतक्या तपशिलानं का सांगतोय? तर माझ्या नऊ वर्षांच्या नातीला ग्रीक पुराणातल्या गोष्टींचं पुस्तक न्यायचं होतं. लेकीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, मुलीला रडवणाऱ्या गोष्टी नकोत हं!" आणि नातीची खोड अशी की गोष्ट संपली रे संपली की विचारायचं, "आजोबा, मग तिचं काय झालं?" त्या दारापाशी बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं, की दुकानात गेल्यावर कोणत्याही पुस्तकातलं आधी नॅक्सॉसचं पान काढायचं.

अथेन्सच्या पुस्तकांच्या दुकानात ह्या कथांना काय तोटा! चकचकीत, जाड पुठ्ठ्याची, नकाशांची, भूलभुलैयाच्या कोड्यांची. काही पुस्तकांत मिनोटॉर मेला की गोष्टच संपलेली. दोरा देणारी मुलगी कुठं गेली, ह्याचा पत्ता नाही. ती मी मुकाट्यानं कपाटात परत ठेवली.

मग हाती आलं नॅथॅनिएल हॉथॉर्नचं 'टँगलवुड टेल्स'. १८५३ सालचं हे अमेरिकन पुस्तक अजून छापलं जातं, आणि भाषा अशी गोड की वाचता वाचता पाय दुखायला लागले तरी कळत नाही. ह्याच हॉथॉर्ननं आदल्या पुस्तकात मिडास राजाला एक मुलगी दिली. बापाच्या हातानं सोन्याची झालेली ती मुलगी रोमन कवी ओव्हिडच्या कथेत नाहीच. पण आपणही आता ती गोष्ट मुलीसकटच सांगतो. ती भर मला मान्य आहे. ॲरिॲड्नीच्या बाबतीत मात्र ह्या गृहस्थानं कमाल केली आहे. त्याची ॲरिॲड्नी बोटीत चढतच नाही. म्हाताऱ्या बापाला सोडून कशी येऊ, म्हणते. वर, थीसियसनं तिला टाकलं असं सांगणारे लोक हलक्या मनाचे, असाही शेरा आहे!

बरं, मुलांना दुःख नको म्हणून हे केलं म्हणावं, तर पुढं काय? थीसियस काळी शिडं उतरवून पांढरी चढवायला विसरतो आणि मुलगा मेला असं समजून म्हातारा राजा एजियस कड्यावरून समुद्रात कोसळतो. तो प्रसंग हॉथॉर्ननं जसाच्या तसा ठेवला आहे. ज्या सूनियनच्या टोकावरून राजानं उडी घेतली असं सांगतात, ते मी आदल्या दिवशीच पाहून आलो होतो. अथेन्सपासून साधारण ७० किलोमीटर. पोसायडनच्या देवळाचे पांढरे खांब आणि खाली थेट निळं पाणी. एजियन समुद्राचं नाव ह्याच राजावरून पडलं, अशी कथा आहे. म्हणजे बापाचा जीव गेलेला मुलांनी वाचला तर चालतं, थीसियसच्या नावाला बट्टा लागता कामा नये! मुलांचे डोळे कोरडे राहावेत म्हणून ही काटछाट नव्हतीच मुळी.

आणि आपल्या मुलांनी हे कधी ऐकलेलं नसतं का? नळानं दमयंतीला रानात झोपलेली टाकलं, हे आमच्या आजीनं आम्हांला जेवताना सांगितलं होतं. कुणाचा घास अडला नाही. नळाचा राग मात्र सगळ्यांना आला होता.

चार्ल्स किंग्सलेचं १८५६ सालचं 'द हीरोज' त्या मानानं सरळ. त्यानं ते आपल्या मुलांसाठी लिहिलं. कुणी म्हणतात थीसियसनं तिला झोपेत सोडलं, कुणी म्हणतात डायोनायसस देवानं तिला त्याच्यापासून हिरावून नेलं, असं तो दोन्ही सांगतो. भाषा जरा जडच. नऊ वर्षांच्या मुलीला एकटीला झेपणारी नव्हे. शेजारीच इंग्री आणि एडगर डोलेअर ह्या दांपत्याचं १९६२ सालचं मोठ्या आकाराचं पुस्तक होतं, पानापानावर चित्रं. त्यातही थीसियस निघून जातो, पण देवाच्या आज्ञेनं. थोडी सारवासारव आहे खरी, तरी ॲरिॲड्नी नॅक्सॉसवर एकटी जागी होते, हे लपवलेलं नाही.

मी दोन्ही घेतली. डोलेअर तिनं स्वतः पालथं पडून वाचायला, किंग्सले रात्री मी वाचून दाखवायला. लेकीला फोन करून नॅक्सॉसची सगळी हकीकत सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आणा. पण ते पान तुम्हीच वाचून दाखवा."

विमानाला सामानाचं वजन जास्त भरलं, तेव्हा ऑलिव्ह तेलाचे दोन डबे हॉटेलच्या मालकिणीला देऊन टाकले.