चुना विरताना

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. रसायनशास्त्राचे आणि माझे ऋणानुबंध दहावीला काठावरच्या गुणांनी संपले. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या कन्येने पुस्तक पुढ्यात ठेवून, ‘बाबा, रासायनिक अभिक्रियांचे प्रकार समजावून सांगा ना,’ असे म्हटले, तेव्हा चकल्यांचा सोऱ्या हातात घेऊनच सौ. दारात येऊन उभी राहिली.

पण शब्द तर माझ्याच मुलखातले! मी सरसावून बसलो. ‘संयोग म्हणजे दोघांनी मिळून एक नवा संसार थाटणे. अपघटन म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वाटण्या. विस्थापन म्हणजे दांडग्या पाहुण्याने यजमानाला घराबाहेर काढणे. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाक; लोखंड तांब्याला हुसकून त्याची जागा घेते. आणि दुहेरी विस्थापन म्हणजे साटेलोटे! सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे पाणी ओतले, की जोड्या बदलतात आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तळाशी बसतो.’

स्वतःच्या वाणीवर मी खूश झालो. कन्या म्हणाली, ‘उपमा छान आहेत, बाबा. पण लोखंडच तांब्याला का हुसकतं? तांबं लोखंडाला का नाही?’

मी गप्प. शेवटी तिनेच सांगितले, ‘लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील असतं म्हणून. तुम्ही नुसतीच नावं फोडून सांगितलीत.’

ते वाक्य मला लागले. ‘अलंकार ओळखा’ असे फळ्यावर लिहून मी तरी वर्षानुवर्षे दुसरे काय करीत होतो? मुले अलंकार ओळखतात, गुण मिळवतात. कविता बिचारी जिथल्या तिथे राहते.

रात्री झोप येईना. गावचे घर आठवले. दिवाळीआधी अण्णा कळीचा चुना आणून अंगणातल्या पिंपात टाकीत, वर पाणी ओतीत. खाली जाळ नाही, काही नाही, आणि पाणी खदखदू लागे! ‘लांब हो, डोळ्यांत उडेल,’ अण्णा ओरडत. हे कशामुळे, असे मी एकदा विचारले होते. ‘चुना विरतोय,’ अण्णा म्हणाले. नाव मिळाले, आणि मी पुन्हा कधी विचारले नाही.

सकाळी हे कन्येला सांगितले. ती हसली नाही. वही घेऊन बसली. चुनखडी भट्टीत भाजली, की अपघटन: १०० ग्रॅमचा ५६ ग्रॅम कळीचा चुना होतो, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. चुन्यात पाणी घातले, की संयोग; त्यातली उष्णता बाहेर पडते, म्हणून ते खदखदणे.

‘आणि भिंतीला लावल्यावर?’

‘हवेतला कार्बन डायऑक्साइड चुना पुन्हा घेतो, पाणी सोडतो, आणि परत चुनखडी होते.’

म्हणजे दरवर्षी अण्णा भिंतीवर दगडाचाच एक पातळ थर चढवीत होते! हे त्यांना सांगायला हवे होते. पण अण्णा आता नाहीत.

‘ही शेवटची अभिक्रिया चारांपैकी कुठली?’ सवयीने मी विचारलेच.

तिने पेन्सिल चावली. ‘नीट कशातच बसत नाही, बाबा. पण घडते ना!’

सुटी संपल्यावर पहिल्याच तासाला मी एक कविता वाचली. खडूला हात लावला नाही. विचारले, ‘इथे काय घडते आहे?’

वर्ग गप्प. ते गप्प बसणे माझ्या चांगल्या ओळखीचे होते. मी उत्तर सांगितले नाही. वाट पाहत उभा राहिलो.