मूळचे काय उरले?

जुनी वस्तू जपणाऱ्या माणसाला दोन प्रश्न चुकत नाहीत. ही वस्तू आली कोठून, हा पहिला. आणि तिच्यात मूळचे किती उरले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या दप्तरात सापडते. दुसऱ्यासाठी मात्र वस्तूच उघडून पाहावी लागते, आणि ती उघडली असता कधी कधी आपल्याच माणसाची एखादी जुनी चूक हाती येते. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका मॉरिशसच्या मराठी कुटुंबावर हा प्रसंग आला, आणि तो एका मोटारीच्या निमित्ताने आला.

मोटार एमजीबी जातीची, दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, 1971 सालच्या बनावटीची. इंग्लंडातील ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात 1962 पासून 1980 पर्यंत ह्या जातीच्या पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या, आणि त्यांतील फार मोठा भाग अमेरिकेत विकला गेला. ह्या कुटुंबातील थोरल्या बंधूंनी ती 1974 साली जुनी म्हणून विकत घेतली. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात ज्यांच्या पणजोबांनी कोयता चालविला, त्या घरातील पहिल्याच माणसाच्या दाराशी अशी मोटार उभी राहिली होती. तेव्हा तिचे कौतुक किती झाले असेल हे सांगावयास नको. पुढे बंधू वारले. मोटार गॅरेजात कापडाखाली उभी राहिली. वहिनींना ती विकणे भाग होते, आणि ते काम धाकट्या दिरावर आले.

गिऱ्हाईक मिळाले ते जाणकार निघाले. रंग किंवा गाद्या त्यांनी फारशा पाहिल्या नाहीत. त्यांनी एकच विचारले : धूर रोखण्याची जी साधने कारखान्यातून ह्या मोटारीवर आली होती, ती सर्व मूळची आहेत काय? तसे लेखी मिळाल्यास किंमत एक, न मिळाल्यास दुसरी.

हा प्रश्न ऐकून धाकट्या बंधूंना प्रथम नवल वाटले. ज्या सामानाला एके काळी सारे मोटारवाले शिव्या देत, त्यालाच आज एवढे मोल कसे आले? त्याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या हवेच्या इतिहासात आहे. 1943 च्या जुलै महिन्यात लॉस एंजलिस शहरावर धुरकट हवेचे असे दाट पटल पसरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले आणि घसे खवखवू लागले. युद्धाचा काळ, शत्रूने विषारी वायू सोडला की काय अशीही शंका काहींना आली. पुढे 1950 च्या सुमारास आरी हागेन-स्मिट ह्या हॉलंडमध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी पॅसाडेना येथील कॅल्टेक संस्थेत प्रयोग करून दाखविले की, मोटारींतून व तेलाच्या कारखान्यांतून निघणारी न जळलेली वाफ आणि नायट्रोजनचे वायू ह्यांच्यावर ऊन पडून हे पटल तयार होते. शत्रू बाहेरचा नव्हता. तो प्रत्येकाच्या दारात उभा होता.

त्यानंतर कायदे आले. 1966 च्या मोटारींपासून कॅलिफोर्नियाने आणि 1968 च्या मोटारींपासून सर्व अमेरिकेने धुराची मर्यादा ठरवून दिली. ॲबिंग्डनच्या कारखान्याला अमेरिकेत माल खपवायचा होता. त्याने आपल्या साध्या, चार सिलिंडरांच्या इंजिनावर ही नवी साधने चढविली. त्यांतले पहिले म्हणजे हवेचा पंप. इंजिनाच्या पुढल्या बाजूस, वरती, पट्ट्याने फिरणारा हा पंप स्वच्छ हवा ओढून एका नळीवाटे सिलिंडर हेडात पोहोचवितो. तेथे चार बारीक छिद्रांतून ती हवा तापलेल्या धुरात मिसळते, आणि जे पेट्रोल इंजिनात जळावयाचे राहिले ते बाहेर पडण्यापूर्वी तेथेच जळते. धूर उलट पंपात शिरू नये म्हणून मध्ये एक एकमार्गी झडप असते. चालकाने वेगावरून पाय एकदम उचलला तर न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन फटाक्यासारखा बार होतो; तो टाळण्यासाठी तेवढ्या क्षणी इंजिनाला हवेचा एक घोट पाजणारी दुसरी झडप आहे. तिचे नावच गल्प व्हॉल्व्ह, म्हणजे घोट घेणारी झडप. ह्याशिवाय टाकीतील पेट्रोलची वाफ शोषून ठेवणारा कोळशाचा एक काळा डबा.

गॅरेजातील दिवा लावून धाकटे बंधू आणि त्यांचा पुतण्या तपासणीस बसले. पुतण्याचा जन्म अमेरिकेतला. मराठी समजते, बोलताना अडखळते. इंजिनाच्या अंगावरील पट्टीवर 18जीके ही अक्षरे होती. 1971 च्या अमेरिकेस पाठविलेल्या मोटारीस ती योग्यच. कोळशाचा डबा जागेवर होता. तेल घालण्याच्या तोंडावरील झाकण हवाबंद होते, आणि हेही महत्त्वाचे. कारण ह्या मोटारीत इंजिन जी हवा ओढते ती कोळशाच्या डब्यातून यावी अशी योजना आहे. बाजारात मिळणारे भोकाचे झाकण कोणी बसविले की हवा जवळच्या वाटेने आत शिरते आणि डब्यातील वाफ डब्यातच राहते. पाहणाऱ्याला सारे जागच्या जागी दिसते, काम मात्र बंद पडलेले असते.

पुढे हात घातला तेव्हा खरी गोष्ट कळली. सिलिंडर हेडातील हवेची चारही छिद्रे बोल्ट आवळून बुजविलेली होती. पंपाची जागा रिकामी. कार्ब्युरेटरच्या हवा रोखणाऱ्या चकत्यांत कारखान्याने बसविलेली लहानशी स्प्रिंगची झडप असते. त्यांतील एक डाख देऊन बंद केलेली. पुतण्या म्हणाला, “काका, हे कोणी केलं?” काकांनी उत्तर दिले नाही. बोल्टांवरची पकड ओळखीची होती. थोरले बंधू जे काही आवळीत ते शेवटचा पीळ देऊन आवळीत.

त्या काळी हा प्रकार सर्रास चाले. पंप काढला की इंजिनाचा जोर वाढतो अशी समजूत होती. वस्तुतः पंप ओढतो ती शक्ती अल्प असते. जोर कमी होण्याची कारणे बहुतांशी इतरत्र असत. परंतु जे ओझे म्हणून अंगावर आले ते टाकून द्यावे, ही वृत्ती प्रबळ. मग 1984 साली कॅलिफोर्नियात मोटारींची नियमित धूर-तपासणी सुरू झाली. तीत सामान जागेवर आहे की नाही हेही पाहिले जाई. थोरल्या बंधूंनी मोटार तपासणीस नेली नाही. तिच्यावर कापड घातले. आज 1975 पर्यंतच्या मोटारींना ह्या तपासणीतून सूट आहे. तथापि सूट तपासणीपुरतीच. साधने काढून टाकण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही. ती मोटार इतकी वर्षे का उभी होती, हे घरात कोणी विचारले नव्हते. आता विचारावे न लागताच कळले.

माळ्यावर एक लाकडी पेटी होती. तीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकमार्गी झडप मिळाली, गल्प व्हॉल्व्ह मिळाला, चार फाट्यांची हवेची नळी मिळाली. पंप मात्र नव्हता. एवढे जपून ठेवणाऱ्या माणसाने पंपच का दवडला, हे सांगावयास आता कोणी उरले नव्हते.

ओळखीच्या एका मिस्त्रीने तोडगा सुचविला. पंपाचे नुसते कवच मिळते. ते बसवा, पट्टा चढवा, छिद्रांतील बोल्ट आत तसेच राहू द्या. वरून कोणास कळणार नाही. गिऱ्हाइकास ‘सर्व मूळचे’ म्हणून लिहून द्या. सूचना दुष्टपणाची नव्हती. विधवेला चार पैसे अधिक मिळावेत हाच हेतू. धाकट्या बंधूंचे मनही क्षणभर डळमळले. बंधूंची चूक झाकली जाईल, वहिनींचा लाभ होईल, आणि मोटार तर तशीही रस्त्यावर क्वचितच निघणार.

त्यांच्यासमोर त्या वेळी दोन कागद होते. एक इंग्लंडातील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमचा दाखला. जुन्या कारखान्यांची दप्तरे त्या संस्थेने सांभाळली आहेत आणि मोटारीचा क्रमांक कळविला की ती कोणत्या दिवशी तयार झाली, इंजिन कोणते, रंग कोणता, कोणत्या देशास गेली, हे ती लिहून देते. दुसरा कागद त्याच कपाटात पूर्वीपासून होता. मॉरिशसमधील मोका येथे महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची दप्तरे आहेत. जहाजाचे नाव, माणसाचा क्रमांक, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव अशी नोंद त्यांत असते. मुंबई बंदरातून निघालेल्या पणजोबांची नोंद कुटुंबाने तेथून मिळविली होती. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. नाव मात्र कारकुनाच्या कानास जसे लागले तसे लिहिलेले. आणि तेच वाकडे नाव आज साऱ्या घराण्याचे आडनाव होऊन बसले आहे.

दोन्ही कागद खरे. परंतु दोन्ही कागद निघतानाचे सांगतात, नंतरचे सांगत नाहीत. मोटारीवरचा पंप कोणी काढला हे गेडनच्या दप्तरात नाही. पणजोबांनी बरोबर आणलेल्या ओव्या कोणत्या पिढीत थांबल्या, घरातली मराठी कोणत्या वर्षी क्रिओलमध्ये विरली, हे मोकाच्या दप्तरात नाही. तेही कोणी ओझे म्हणूनच उतरविले असेल. मळ्यावर आणि शाळेत त्याचा जोर लागत नव्हता म्हणून. त्याबद्दल पूर्वजांना दोष देणे सोपे आहे, न्यायाचे नाही. पण उतरविलेले उतरविलेच नाही असे लिहून देणे, हे मात्र पुढच्यांचे काम नव्हे.

शेवटी त्यांनी वहिनींस विचारले. मिस्त्री काय म्हणतो, किती पैशांचा फरक पडतो, हेही सांगितले. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, त्यांनी तो पंप काढला तेव्हा बॅटरी धरून मीच उभी होते. नंतर कितीदा म्हणत, परत बसवायला हवा होता. कवच नको. बसवायचा तर चालणारा बसवा, आणि कागदावर खरं तेच लिहा.”

मग शोध सुरू झाला. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या एका बाजारात त्याच काळातील, त्याच जातीचा पंप मिळाला. हाताने फिरविला तर अडकत नव्हता. छिद्रांतील बोल्ट काढताना दोन दिवस गेले. शेवटचा पीळ आपले काम करून गेला होता. पेटीतील नळी बसली. कार्ब्युरेटरच्या चकतीवरील डाख काढून झडप मोकळी केली. कारखान्याच्या पुस्तकात एकमार्गी झडपेची परीक्षा मोठी साधी सांगितली आहे : यंत्राची दाबाची हवा मुळीच वापरू नये, तोंडाने फुंकून पाहावे. एका बाजूने फुंकर जावी, दुसऱ्या बाजूने जाऊ नये. काकांनी ती पुतण्याच्या हाती दिली. त्याने फुंकले, हवा गेली. उलटी धरून फुंकले, गेली नाही. इतकी वर्षे वर्तमानपत्रात निजलेली झडप आपले काम विसरली नव्हती. पट्टा अंगठ्याने दाबून सुमारे अर्धा इंच लवतो असा ताणला आणि इंजिन चालू केले. पंपाची बारीक घरघर कानी आली. वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ती ओळखली.

गिऱ्हाइकाच्या हाती जो कागद दिला त्यात लिहिले होते : ‘इंजिन, कोळशाचा डबा, दोन्ही झडपा व हवेची नळी मूळची. पंप पहिल्या मराठी मालकाने काढला. सध्याचा पंप त्याच काळातील दुसऱ्या मोटारीचा आहे. सर्व साधने चालू आहेत.’ किंमत थोडी कमी झाली. परंतु गिऱ्हाइकाने कागदावर वहिनींची सही मागून घेतली आणि तो गेडनच्या दाखल्याबरोबर मोटारीतच ठेवला. दाखला जेथे थांबत होता तेथून पुढची हकीकत आता लिहिलेली होती.

मूळचे म्हणजे जे कधी सुटलेच नाही तेवढेच, असा हिशेब धरला तर सात समुद्र ओलांडून आलेल्या घराण्यांच्या पदरी फार थोडे पडेल. जे सुटले ते सुटले असे मान्य करून, शोधून, जागेवर बसवून, पुन्हा कामाला लावले, तर त्यालाही घरात जागा आहे. मात्र ते चालते असावे, कवच नसावे. मोटार गेली त्या संध्याकाळी पुतण्याने मोकाचा कागद कपाटातून काढला आणि काकांना विचारले, पणजोबांचे नाव खरे कसे उच्चारायचे. काकांनी सांगितले. त्याने दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्या खेपेस ते बरोबर आले.